एकाच गणातले

‘हलीना की रब से फरियाद.’ अकरावी-बारावीला प्रवेशपरीक्षेचे क्लास केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी हे वाक्य सांगता येईल. आवर्तसारणीचा पहिला गण लक्षात ठेवण्याची ही युक्ती: हायड्रोजन आणि त्याखाली लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम, फ्रान्सियम हे अल्क धातू.

त्यासोबत ‘ट्रेंड्स’ यायचे. गणात वरून खाली उतरताना अणू मोठा होतो, बाहेरच्या कक्षेतला एकुलता एक इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो आणि तो काढून घेणं सोपं होतं. लिथियमला त्यासाठी मोलमागे 520 किलोजूल लागतात, सीझियमला 376. लिथियम वितळायला 180 अंश सेल्सिअस लागतात. बंद नळीतलं सीझियम मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात नुसतं ठेवलं तरी पातळ होईल, कारण त्याला 28.5 अंश पुरतात. आमच्यासाठी हे सगळं म्हणजे बाणाची दिशा आणि चार मार्क.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये आले आणि रसायनशास्त्र सुटलं. ते परत आलं आत्यामुळे.

आत्याला बायपोलर आजार आहे. वीसेक वर्षं ती लिथियम कार्बोनेट घेते. घरात तिला नुसतं ‘ती गोळी’ म्हणतात. त्या गोळीने आत्याला तिची नोकरी, तिचं घर आणि तिचं हसणं परत दिलं. पण तिची मर्यादा अरुंद आहे. रक्तात लिथियम लिटरमागे साधारण 0.6 ते 1 मिलीमोल असावं लागतं. दीडच्या पुढे विषबाधेची भीती सुरू होते. म्हणून ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं.

दोन वर्षांपूर्वी तिचं ब्लडप्रेशर वाढलं. एका नातेवाइकांनी आपुलकीने सल्ला दिला, ‘मीठ सोडा.’ आत्या शिस्तीची. तिने पूर्ण अळणी सुरू केलं. त्यात उन्हाळा. काही आठवड्यांत तिचे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. घरच्यांना वाटलं, उन्हाचा त्रास. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा लिथियम 1.8 होतं. गोळी एकही जास्त घेतलेली नव्हती.

दवाखान्यात तिला गोळी थांबवून सलाइन लावलं. त्या बाटलीकडे बघताना मला पहिला गण आठवला. सलाइन म्हणजे पाणी आणि सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठच. लिथियम सोडियमच्या बरोबर वरच्या घरात बसतं. दोघांकडे देण्यासारखा एकच इलेक्ट्रॉन, तो दिला की दोघांवर एकच धन प्रभार. मूत्रपिंड रक्त गाळताना सोडियम परत शोषून घेतं आणि त्याच वाटेने लिथियमही शोषलं जातं. मीठ बंद झालं की शरीर सोडियम घट्ट धरून ठेवतं आणि त्याच मुठीत लिथियमही अडकतं. सलाइनने सोडियम आणि पाण्याची तूट भरली, मूठ सैल झाली.

नंतर वाचलं, की हे आधीही घडलं होतं. 1940च्या दशकात अमेरिकेत हृदयाच्या आणि ब्लडप्रेशरच्या पेशंटना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिलं जायचं. चव खारट, सोडियम नाही. पण हे पेशंट आधीच अळणी खाणारे. अनेकांना विषबाधा झाली, काही दगावले आणि 1949मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. त्याच 1949मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने उन्मादाच्या दहा पेशंटवरच्या लिथियमच्या परिणामांचा लेख छापला. एकाच वर्षी एका खंडात विष ठरलेला पदार्थ दुसऱ्या खंडात औषध म्हणून पुढे आला.

मग शरीर सोडियम आणि पोटॅशियममध्ये का गोंधळत नाही? तेही एकाच गणातले. पेशीच्या आवरणात पोटॅशियमसाठी वेगळी दारं असतात. रॉडरिक मॅकिनन यांनी 1998मध्ये अशा दाराची रचना दाखवली. 2003मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आयनाभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. या दारातले ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेत, की पोटॅशियम आपलं पाणी सोडून त्यांच्यात चपखल बसतं. सोडियमचा आयन लहान, तिथे त्याला नीट आधार मिळत नाही, म्हणून तो पाणी सोडून आत शिरत नाही. ‘गणात खाली जाताना आयनाची त्रिज्या वाढते’ हे मार्कांचं वाक्य आपल्या प्रत्येक पेशीत राबतंय. लिथियमसाठी मात्र असा पहारेकरी नाही. सोडियमच्या दारातून ते जवळजवळ सहज जातं. मला वाटतं, अन्नातून लिथियम इतकं किरकोळ येतं, की ते वेगळं ओळखण्याची गरजच शरीराला कधी पडली नसावी.

शाळेत गणाला ‘कुटुंब’ म्हणायचे आणि साम्यावर भर द्यायचे. आत्याच्या गोळीला साम्य आणि फरक दोन्ही लागतात. सोडियमसारखं असल्यामुळे लिथियम आत पोचतं, आणि सोडियम नसल्यामुळेच काहीतरी बदलतं. नेमकं काय, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

आत्याच्या दोन्ही डॉक्टरांनी बोलून ब्लडप्रेशरची गोळी निवडली, कारण त्यातल्याही काही गोळ्या लिथियम वाढवतात. निर्जळी उपवास बंद झाला. ताट वाढताना ती आधी डाव्या कोपऱ्यात मीठ वाढते. ‘कमी नको, जास्त नको, रोज तेवढंच,’ असं म्हणते आणि कोशिंबिरीकडे वळते.