मार्फत ५६ एपीओ

फौजेतल्या माणसाच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’. ५६ एपीओची डाक दिल्लीतून पुढे जाते, पूर्वेकडच्या पलटणींची ९९ एपीओ लिहून कोलकात्यातून. पलटण कुठे आहे हे पाकिटावरून कुणाला कळू नये म्हणून ही व्यवस्था. घरच्यांनाही ते कळत नसे. बायको लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. मी पूंछच्या डोंगरात. आणि मधे एक निळं अंतर्देशीय पत्र. आमच्या संसाराची कितीतरी वर्षं त्या तीन घड्यांच्या कागदावर गेली.

बेळगावला मराठा सेंटरमध्ये रंगरूट होतो तेव्हापासून माझं पत्र वडिलांच्या नावानं जायचं. लग्नानंतरही तेच चाललं. ‘तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार’, मग पाऊसपाणी, बैल, ज्वारीचा भाव, आणि शेवटी ‘घरातील सर्वांस यथायोग्य’. त्या ‘सर्वांस’मध्ये ती असायची. शाळेतले गुरुजी ओसरीवर बसून पत्र मोठ्यानं वाचायचे आणि ती दाराआडून ऐकायची. तिला दिवस गेले तेव्हा मी गाभण गाईचीच चौकशी जास्त केली. ‘गाईला ओझं ओढायला लावू नका’ हे वाक्य कुणासाठी आहे ते तिला बरोबर कळलं होतं. पोरगी झाल्यावर दादांनी स्वतःच पोस्टातून एक अंतर्देशीय आणून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “आता तूच लिही त्याला.” चौथी शिकलेल्या सुनेला त्या काळी असं सांगणारा सासरा मी आमच्या पंचक्रोशीत दुसरा पाहिला नाही.

चौकीवर डाक खेचरांवरून यायची, राशनच्या पोत्यांबरोबर. संध्याकाळच्या रोल कॉलनंतर नावं पुकारली जायची. ज्याचं पत्र आलं तो बुखारीच्या शेगडीजवळ जागा धरायचा. ज्याचं नाही आलं तो रायफल पुन्हा साफ करायला घ्यायचा. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलत नसे. समोरच्या गोळीची भीती वाटली तरी तिच्यावर उपाय हाताशी असतो: मोर्चा असतो, हत्यार असतं, शेजारी जोडीदार असतो. घरच्या काळजीवर काहीच करता येत नाही. पोरीला ताप आहे असं वाचलं, तर तो ताप आठ-दहा दिवसांपूर्वीचा असतो. आता ती खेळत असेल की दवाखान्यात असेल, हे पुढच्या खेचराबरोबर कळणार.

म्हणून आम्ही दोघंही लपवायला शिकलो. रात्री गोळीबार झाला की सकाळी मी लिहायचो, इथे थंडी बरी आहे. आणि १९९२च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या बाजूला जमीन गुरगुरायला लागली, भांडी फळीवरून पडायला लागली, तेव्हा तिच्या पत्रात त्याचं एक अक्षरही नव्हतं. मला ते कळलं पलटणीतल्या एका उमरग्याच्या जवानाकडून, त्याच्या भावाच्या पत्रातून.

१९९३चा ३० सप्टेंबर. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सकाळी लंगरमध्ये चहा घेत असताना रेडिओवर बातमी आली, पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. त्या क्षणी दोन्ही जिल्ह्यांतली पोरं न बोलता एका बाजूला गोळा झाली. सिग्नलवाल्यांनी सकाळभर लाइन लावून पाहिली. कमांडिंग ऑफिसर साहेबांनी दुपारीच आम्हाला सुट्टीवर सोडलं. झेलम एक्सप्रेसच्या डब्यात आम्ही कुणीच झोपलो नाही. दौंडला उतरून सोलापूर, आणि तिथून मिळेल त्या ट्रकनं पुढे.

त्या रात्री नऊ हजारांहून जास्त माणसं गेली. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर जाड मातीचं माळवद. उन्हाळ्यात जे छप्पर थंडावा द्यायचं तेच पहाटे तीन छप्पन्नला झोपलेल्यांच्या अंगावर आलं. मी गावात शिरलो तेव्हा दुसऱ्याच कुठल्या पलटणीचे जवान आमच्या गल्लीतले दगड उपसत होते. मी कुणाच्या तरी मुलखाचं रक्षण करायला गेलो होतो, आणि कुणाचे तरी नवरे माझ्या घरासमोर उभे होते. त्यांच्यातल्या एकानं मला पाणी दिलं. त्याच्या गावाचं नाव मी विचारलं नाही याची चुटपुट आजही लागते.

ती, दादा आणि दोन्ही पोरं जिवंत होती. घर नव्हतं.

सुट्टी संपवून चौकीवर परतलो तर तिचं पत्र माझी वाट पाहत होतं, विसर्जनाच्या आधी टाकलेलं. त्यात लिहिलं होतं: मागच्या भिंतीला पोट आलंय. भुई हलते ते तुम्हाला कळवलं नाही, उगाच जिवाला घोर लागला असता. दादांना सांगून सगळ्यांच्या बाजा अंगणात काढल्यात. पाऊस आला तर गोठ्यात जाऊ, पण माळवदाखाली निजणार नाही. तुम्ही काळजी करू नये.

बंकरमध्ये बसून मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. जवानाची बायको नवऱ्याची वाट पाहत बसते असं सगळे लिहितात. वाट पाहायला तिला सवड कुठे होती? भिंत तिनं ओळखली, सासऱ्याला तिनं पटवलं, शेजारणी हसत असताना पोरांना उघड्यावर निजवलं. माझी काळजी तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच तिनं चार जीव राखले होते.

त्यानंतर आमच्यात करार झाला. पत्रावर नंबर टाकायचा, म्हणजे एखादं हरवलं तर कळेल. आणि वाईट बातमी पहिल्या ओळीत. पत्र्याच्या शेडमधले उन्हाळे, नव्या गावठाणातलं घर, दादांचं जाणं, सगळं मला पहिल्या ओळीत कळलं. मीही लिहायला लागलो, जेवढं लिहायची परवानगी होती तेवढं.

ऑपरेशन पराक्रमच्या वेळी राजस्थानात तंबूत होतो तोवर एसटीडी बूथ आले होते. रांगेत मागे माणसं उभी असताना मिनिटभरात काय बोलणार? २००३च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरमध्ये मोबाइल सुरू झाला आणि पत्रं आटली. आवाज ऐकल्याचं सुख मोठं, ते मी नाकारत नाही. पण फोनवर ती पुन्हा ‘सगळं बरं आहे’ म्हणायला लागली.

आता पुतण्या लेहला आहे. त्याची बायको रोज व्हिडिओवर त्याचं तोंड पाहते आणि फोन ठेवला की आमच्याकडे येऊन रडते. भावकीनं बांध कोरलाय, ते त्याला सांगत नाही. परवा हिनं तिला समोर बसवलं. लग्नाची फौजेत नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर झाली का, बँक खात्यात तुझं नाव आहे का, सातबारा कुठे ठेवलाय, एकेक विचारलं. मग म्हणाली, “आज त्याचा फोन आला की आधी बांधाचं सांग. तो त्याच्या साहेबांना सांगेल, साहेब कलेक्टरला लिहितील. त्याला करण्यासारखं काहीतरी दे.” सोमवारी दोघी लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहेत. अर्ज हिनंच लिहिलाय.