आधी आपल्या घरचा कुत्रा बांधा

वलगावच्या आमच्या बौद्धवस्तीत बहुतेक घरांच्या मागे दोन-चार गावरान कोंबड्या आणि दारात एखादा कुत्रा असतोच. कोंबडी म्हणजे घरच्या बाईची बँक. अंडी विकून पोरांची वही येते, पाहुणा आला तर साखर येते. त्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. कुत्रा रात्रीची राखण करतो. दोघेही घरचेच, पण दोघांचे जमत नाही, आणि त्यापायी शेजारी एकमेकांचे वैरी होतात. गेल्या पावसाळ्यात ही पाळी माझ्यावरच आली. कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून ती हकिकत येथे मांडतो.

आमच्या घरामागे एक म्हाताऱ्या बाई एकट्याच राहतात. सारी वस्ती त्यांना माय म्हणते. निंदण आणि कापूसवेचणी करता करता त्यांची कंबर गेली. आता आधार कोंबड्यांचा. त्यांनी खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसवली, एकवीस दिवस सांभाळली, नऊ पिले निघाली. घार-मांजरापासून वाचवून त्यातली सहा मोठी केली. आणि एका आठवड्यात तीन कोंबड्या गेल्या. तिसरी तीच खुडूक कोंबडी.

माय आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमी कचेरीत जाता, लोकायचे अर्ज लिहून देता. माह्या कोंबड्यायचा अर्ज कोणाले देऊ?"

त्याच संध्याकाळी विहारासमोर तरुण मंडळी जमली. मोकाट कुत्र्यांचेच हे काम, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. एक जण म्हणाला, "उद्या रात्री पिठात औषध कालवून टाकू. एकही कुत्रं राहणार नाही." औषध म्हणजे कपाशीवर फवारायचे. सांगायला लाज वाटते, पण शिबिरांतून पंचशील समजावून सांगणारा मी तेव्हा गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी तुराट्या आणायला मागे गेली आणि धावत परत आली. गंजीच्या आडोशाला पिसे पडली होती, माती उकरलेली होती आणि त्यात अर्धवट पुरलेली कोंबडी होती. शेजारी आमचा मोती शेपटी हलवत उभा. रोज दोन वेळा भाकरी खाणारा, पोरांच्या अंगाखांद्यावर खेळणारा आमचा मोती!

पत्नी हळूच म्हणाली, "कोणाले सांगू नोका. विहारात काय तोंड दाखवसान?"

त्या दिवशी कचेरीत माझी एक बेरीज जुळली नाही. मला कुक्कुर जातक आठवत होते. राजाच्या रथाचे चामडे रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी ते खाल्ले. राजाने हुकूम सोडला, दिसेल तो कुत्रा मारा. फक्त राजवाड्यातले कुत्रे वगळले. तेव्हा कुत्र्याच्या जन्मात असलेला बोधिसत्त्व राजापुढे गेला. त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ घालून पाजायला सांगितले. चामडे त्यांच्याच पोटातून बाहेर पडले. मीही वाड्यातला कुत्रा वगळून बाकीच्यांना मरू देणार होतो.

दुसरीही एक गोष्ट मनाला लागली. आमच्या आजोबांच्या काळी गावात काही हरवले की पहिली झडती आपल्याच वाड्यात होई. पुरावा लागत नसे. गावकुसाबाहेर राहणे हाच पुरावा. ज्यांनी हे सोसले, त्यांची नातवंडे आज मालक नसलेल्या मुक्या जिवांवर तसाच आळ घेत होती, आणि खरी माहिती असलेला माणूस तोंड मिटून बसला होता.

संध्याकाळी मी आधी मायकडे गेलो, मग विहारात. सगळे सांगून टाकले. क्षणभर कोणी बोलेना. मग एका पोराने विचारले, "दादा, मंग आता मोतीलेही औषध घालाचं का?" मी म्हणालो, "नाही. गुन्हा माझा आहे. रात्री त्याला मोकळा सोडत होतो आणि सकाळी त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हतो."

मग मी राहिलेलेही बोललो. विषाचे पीठ आपल्या कोंबड्याही टिपतील, लहान पोराच्याही हाती लागेल. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. जत्रेत कोंबडी-बकरी कापू नका म्हणून जन्मभर सांगत फिरलेल्या गाडगेबाबांनी त्याच वर्षी, २० डिसेंबरला, याच वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी शेवटचा श्वास घेतला. त्या गावात आपण विष कालवायचे काय? पीठ कालवले गेले नाही.

मायला मी आमच्या घरच्या तीन तलंगा दिल्या. त्या म्हणाल्या, "कोंबड्या होतीन भाऊ. त्या कुत्र्याले मारू नोका, भुकेला असन." तो भुकेला नव्हता, हेच तर मला लागले होते.

आता उपायाचे बोलू. कोणी सांगितले, मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधा आणि बडवा. मी तसे केले नाही. तासाभरापूर्वीच्या कामाची ही शिक्षा आहे हे कुत्र्याला उमगत नाही. तो फक्त आपल्याला भिऊ लागतो. फडफडत पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करायचा हा त्याचा स्वभाव आहे. पोट भरले तरी तो जात नाही.

म्हणून पहिले काम खुराड्याचे. पऱ्हाट्यांचे कूड कुत्रा एका धडकेत मोडतो. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. वेल्ड केलेल्या तारेची जाळी घ्यावी, वर टिन टाकावे. कुत्रा खालून उकरतो, म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरावी किंवा बाहेरच्या बाजूने फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवावेत. दाराला दोरी नको, कडी हवी. दिवस मावळण्यापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात. यामुळे बोका आणि मुंगूसही दूर राहतात. मायचे खुराडे त्याच तरुणांनी दोन रविवारांत बांधून दिले.

दुसरे काम कुत्र्याचे. कोंबड्या मोकळ्या असतील तेव्हा कुत्रा बांधलेला हवा. रोज पाव तास मोतीला साखळीने धरून बसायचे, दहा-बारा हातांवर डालग्याखाली एक कोंबडी ठेवायची. तो टवकारला की नावाने हाक मारायची. त्याने मान वळवली की लगेच भाकरीचा तुकडा द्यायचा. जसजसा शांत होईल तसे अंतर कमी करायचे. लहान पिल्लू लवकर शिकते, मोठ्या कुत्र्याला महिने लागतात. शिकल्यावरही एकट्याला कोंबड्यांत सोडू नये. दोन कुत्रे मिळून तर कधीच नाही. एकाला पाहून दुसरा चेव धरतो. घरी कोंबडी कापली तर आतडी आणि पिसे कुत्र्यापुढे टाकू नयेत.

आमच्याकडे हे काम मुलीने अंगावर घेतले आहे. मोती आता डालग्याजवळ पडून राहतो, पण साखळी आम्ही काढलेली नाही. मायकडची एक तलंग परवापासून खुडूक बसली आहे. माय रोज संध्याकाळी कुंपणावरून विचारतात, "भाऊ, मोती बांधला का?" त्या विचारतात याचे मला वाईट वाटत नाही. तो प्रश्न मी स्वतःला आधीच विचारायला हवा होता.