चाकांवरच्या खोलीला झरोका

अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायच्या ट्रेलरचा एक चिमुकला प्रकार आहे, टिअरड्रॉप. बाजूनं पाहिलं तर अश्रूच्या थेंबासारखा दिसतो, म्हणून हे नाव. 1930 च्या दशकापासून तो चालत आलाय. आत जेमतेम दोघांची गादी मावते. बसता येतं, उभं राहता येत नाही. स्वयंपाकाचा ओटा मागच्या झाकणाखाली, म्हणजे फोडणी द्यायची ती बाहेर उभं राहून! एका अर्थी बरंच आहे ते. वाफ आणि धूर निदान अंथरुणात तरी शिरत नाहीत.

कोलोरॅडोतल्या एका निवृत्त जोडप्यानं असा ट्रेलर घेतला आणि जुलैमध्ये युटा राज्यातल्या मोआबला, आर्चेस नॅशनल पार्क पाहायला जायचं ठरवलं. बरोबर त्यांची म्हातारी कुत्री. अडचण अशी, की आर्चेसच्या एकाही पायवाटेवर कुत्र्यांना प्रवेश नाही आणि जुलैत तिथला पारा दुपारी सहज 37-38 अंशांवर जातो.

गृहस्थांनी तोड काढली. छताला 14 इंची चौकोनी झडप होतीच, तिच्यात 12 व्होल्टचा पंखा बसवला, 100 वॅटचं सोलर पॅनल आणि एक बॅटरी घेतली. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, मग काळजी कसली? "दोन तास फिरून येऊ, ती आत मजेत झोपेल," ते म्हणाले.

"आणि पंखा बंद पडला तर?" बाईंनी विचारलं.

घराच्या अंगणात त्यांनी आधी प्रयोग केला, हे फार शहाणपणाचं झालं. पहिल्या दिवशी पंखा नुसताच घरघरला. कारण साधं होतं. सगळ्या खिडक्या बंद! पंखा हवा बाहेर फेकतो, पण तितकीच हवा दुसरीकडून आत यायला नको का? सावलीच्या बाजूची, पंख्यापासून लांबची खिडकी चार बोटं उघडली, तेव्हा कुठे गादीवरून झुळूक वाहू लागली. मग दुसरा पेच. ट्रेलर झाडाखाली लावला तर गारवा मिळतो, पण छतावरच्या पॅनलवर सावली पडते. शेवटी पॅनल छतावरून उतरवलं आणि लांब वायर जोडून उन्हात मांडलं. आता दर दोन तासांनी ते सूर्याकडे वळवायचं काम गृहस्थांकडे आहे. पापड वाळत घातल्यासारखं!

बाईंनी मात्र आत एक थर्मामीटर टांगला होता. भर दुपारी पंखा जोरात फिरत असतानाही आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा थोडं वरच राहिलं. राहणारच. पंखा कोंडलेली गरम हवा काढून बाहेरची आत आणतो. बाहेर 38 अंश असतील तर आत त्याहून कमी होणं नाही. माणसाला घाम येतो, त्यावर वारा लागला की बरं वाटतं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून गार होतं. एअर कंडिशनर लावावा तर त्याला या पॅनलच्या कितीतरी पट वीज लागते.

बाईंनी आकडा दाखवला आणि विषय संपला. मोआबला दोघं पहाटे पाळीपाळीनं पार्कात गेली. एक दिवस ते, एक दिवस त्या. डेलिकेट आर्च ही तिथली प्रसिद्ध कमान दोघांनी एकत्र पाहिलीच नाही. फोटोतही प्रत्येक जण एकटाच आहे.

पंख्याचं खरं काम निघालं ते रात्री. बंद खोक्यात दोघांच्या श्वासाची वाफ थंड भिंतींवर धरते, गादीखाली ओल येते, पुढे बुरशी. मंद फिरणारा पंखा अर्ध्या अँपिअरच्या आसपास वीज घेतो, रात्रीच्या आठ तासांत चारेक अँपिअर-तास. सकाळच्या स्वच्छ उन्हात पॅनल तेवढी भरपाई तासा-दीड तासात करतं. वाळवंटातली रात्रीची गार हवा खिडकीतून आत येते. तिच्यासमोरची जागा कुत्रीनं पहिल्याच रात्री बळकावली.