सुखना तलावाकाठचे दिवे

चंदीगडला गेलात तर सुखना तलावाच्या बांधावरून सायंकाळी जरूर फिरा. हा तलाव १९५८ सालचा. या बांधासाठी ल कॉर्बूझिए यांनी काँक्रीटचे बुटके दिवे योजले. उजेड डोळ्यांवर न येता पायवाटेवर पडावा असे.

सेंट्रिंगचे काम केलेल्यांना असल्या कामातली मेख चटकन कळेल. साच्याला आतून तेलाचा हात द्यायचा, सळ्या बांधायच्या आणि वायरीची नळी ओतण्याआधीच बसवायची. मागाहून छिन्नी मारली तर ठोकळाच तडकायचा! मग निदान आठवडाभर पाणी मारणे आले.

हे दिवे आता परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला जातात. यादीत नाव वास्तुकाराचे. डोक्यावर घमेली वाहून हे शहर उभारणाऱ्या बायाबापड्यांचे नाव त्यात नसते.