वशिला आणि कल्याणमित्र

खानदेशात मुलाच्या नोकरीचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोनी वयख शे का?" जळगावच्या जिनिंगमधील हमाल असो की धुळ्याच्या बाजार समितीतील मापाडी, ओळख असेल तरच काम होते हा पिढ्यांचा अनुभव त्या प्रश्नामागे असतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पगाराची नोकरी कोणीच केलेली नव्हती. त्यामुळे ओळख सांगावी तरी कोणाची, हा पेच घेऊनच आम्ही या निवासी विद्यालयाच्या पायऱ्या चढलो.

येथील सायंवंदनेनंतरच्या प्रवचनांतून आम्हांला एक वेगळा शब्द मिळाला, तो म्हणजे कल्याणमित्र. सन्मित्रांची संगत हे अर्धे ब्रह्मचर्य होय, असे आनंद म्हणाले, तेव्हा भगवंतांनी त्यांना थांबवून ते अर्धे नव्हे, संपूर्ण आहे असे सांगितले. सिगालोवाद सुत्तात हितोपदेशक मित्राची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत एक लक्षण असे की, जे कधी कानावर आले नाही ते तो ऐकवतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला नेमकी याचीच गरज असते. त्याच्याजवळ जिद्द असते, बुद्धीही असते. पण अर्ज कोठे करावा, केव्हा करावा, त्याला कोणता कागद जोडावा, हे त्याच्या कानावरच आलेले नसते.

स्वतः बाबासाहेबांच्या जीवनात असा कल्याणमित्र आला होता. कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे शिक्षक आणि लेखक. विद्यार्थी भीमरावांची वाचनाची ओढ त्यांनी हेरली, त्यांना पुस्तके पुरवली आणि 1898 साली प्रसिद्ध झालेले आपले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे पैशांअभावी महाविद्यालयीन शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळूसकरांनी भीमरावांना सयाजीराव महाराजांच्या भेटीला नेले. दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, 1912 साली भीमराव बी.ए. झाले आणि 1913 साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. केळूसकरांनी महाराजांपर्यंत पोहोचवले. महाराजांच्या प्रश्नांना उत्तरे मात्र भीमरावांनीच दिली. वशिला आणि मार्गदर्शन यांतील अंतर आम्हांला येथे दिसते.

आपल्याच जिल्ह्यातील एक घटना या संदर्भात मनाला लागून राहते. 1929 साली धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. त्यांना महारवाड्यात नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा तेवढा भाड्याने मिळाला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. नदीवरील पुलापाशी चाक अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांच्या पायाला जबर दुखापत झाली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लगाम धरणाऱ्याचे प्रेम अपार होते; टांगा हाकण्याचा सराव मात्र त्याला व्यवस्थेने कधी मिळू दिला नव्हता. आमच्या आईवडिलांची स्थिती याहून वेगळी नव्हती. आमच्यासाठी त्यांनी जीव टाकला असता, परंतु त्या रस्त्याने ते कधी गेलेले नव्हते. म्हणूनच त्या रस्त्याने जाऊन आलेला माणूस शोधावा लागतो.

आम्हांला तो रविवारी भेटत असे. आमच्या दहा-बारा वर्षे आधी येथून बाहेर पडलेले एक दादा धुळ्यात सरकारी नोकरीत होते. ते एक जाड वही घेऊन येत. वहीत प्रत्येकाचे नाव, त्यापुढे त्याचा अपुरा कागद आणि तो मिळवण्याची तारीख. जात वैधता प्रमाणपत्रासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, हे त्यांनी आम्हांला अकरावीतच सांगितले. आजोबा शाळेतच गेले नाहीत तर पुरावा आणायचा कोठून, असे आम्ही विचारले. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मिळते, हे आम्ही तेव्हा प्रथमच ऐकले. त्या नोंदींत आम्हांपैकी कित्येकांना आपल्या पणजोबांचे नाव लिहिलेले दिसले. प्रवेशाच्या दिवशी बाहेरची मुले कागदांसाठी धावत होती. आमच्या फायली तयार होत्या.

दादांनी आमचे निर्णय मात्र कधी घेतले नाहीत. आमच्यातील एकाने पोलीस भरतीला उभे राहावे असा घरचा आग्रह होता आणि त्याचे मन नकाशांत रमत होते. दादांनी त्याला दिवसभर एका भूकरमापकाबरोबर शेताच्या बांधावर पाठवले, काम डोळ्यांनी पाहू दिले आणि मग त्याच्या वडिलांशी बोलायला त्यालाच पुढे केले. तो तंत्रनिकेतनात स्थापत्य पदविकेला गेला. दुसऱ्या एकाने शिफारसपत्र मागितले, तेव्हा दादांनी नकार दिला आणि त्याच्याकडून तोच अर्ज चार वेळा लिहून घेतला. त्या वेळी ते कठोर वाटले. पुढे मुलाखतीच्या खोलीत एकटे बसण्याची वेळ आली, तेव्हा त्या कठोरपणाची किंमत कळली.

आज माहिती मोबाइलवर मिळते. तरी कोणती सूचना आपल्यासाठी आहे आणि कोणती जाहिरात केवळ शुल्क उकळण्यासाठी आहे, हे सांगायला माणूसच लागतो. विद्यार्थ्यांनी तो मोठ्या पदावरच शोधू नये. दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थी अर्जाची अडचण सांगेल, वीस वर्षे पुढे असलेला माणूस व्यवसायाचा खरा चेहरा दाखवेल. त्याच्याकडे 'मला नोकरी लावा' असे म्हणून जाऊ नये. तयारी करून, नेमका प्रश्न घेऊन जावे आणि पुढे काय झाले ते परत येऊन कळवावे. पालकांनी इतकेच करावे की मुलाबरोबर एकदा त्या माणसाला भेटावे. मुलीच्या बाबतीत तर हे अधिक अगत्याचे आहे, कारण घरचा विश्वास बसला की तिला दूरच्या शहरात जाण्याचा मार्ग मोकळा होतो.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, देणगी आपण देतोच. तिच्या जोडीला महिन्यातील एक रविवार द्यावा, ही विनंती आहे. परिचारिका, वीज कंपनीतील तंत्रज्ञ, वकील, बँक कर्मचारी, केळीचा व्यापार करणारे, ज्यांनी ज्यांनी एखादी वाट चालून पाहिली आहे, त्या प्रत्येकाकडे येथील मुलांनी न ऐकलेले काहीतरी आहे. दादांच्या वहीतील नावांसमोरची कामे पूर्ण झाली. आता नव्या वहीत नव्या मुलांची नावे लिहायची आहेत आणि ती लिहिणारे हात आपले असले पाहिजेत.

नमो बुद्धाय, जय भीम.