ते आलं, ते आले

गेल्या मे महिन्यात चिपळूणला मुलांसाठी गोष्टी लिहिण्याचं चार दिवसांचं शिबिर घेतलं. दोनशे वर्षांनी काय घडेल ते लिहा, एवढंच सांगितलं होतं. सातवीतल्या एका मुलीची वही अजून डोळ्यांपुढे आहे. टपोरं अक्षर, समासात पेन्सिलीने काढलेलं यान. तिच्या यानाचा कप्तान होता केव्हिन, त्याचे सोबती मार्क आणि लिसा. शनीच्या कड्यांजवळ यानाला भोक पडतं, आतली हवा शीळ घालत बाहेर जाऊ लागते आणि केव्हिन ओरडतो, "अगो बाय माझे!"

वर्ग हसला. मुलगी ओशाळली आणि ती ओळ खोडायला निघाली. मी तिला खोडू दिली नाही. अख्ख्या गोष्टीत तेवढ्या एका ठिकाणी कुणीतरी खरोखर घाबरलं होतं.

मी वीस-बावीस वर्षं विज्ञानकथा लिहिते आहे, आणि त्या ओळीने मला जेवढं छळलं तेवढं कुठल्या समीक्षेने छळलेलं नाही. ही मुलं भरपूर वाचतात. जादूच्या शाळा, ड्रॅगन, दूरच्या आकाशगंगा, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पण ते बहुतेक इंग्रजीतलं, नाहीतर भाषांतरातलं. मराठी बोलणारं भविष्य आपण त्यांच्या हाती फारसं दिलेलंच नाही.

वाट तर होती. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. हे जयंत विष्णु नारळीकरच होते, आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलेले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. पहिलं बक्षीस मिळालं ते जगतापांना. नावाच्या वलयाशिवाय कथा उभी राहते का, हे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला बघावंसं वाटलं, याचा मला फार आदर वाटतो. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले, त्या रात्री मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' पुन्हा वाचली.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघाताच्या धक्क्यात दुसऱ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथल्या मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी आहे, कारण तिथे पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निसटून गेली आहे. कथेत क्वांटम सिद्धांत येतो, पण मला धरून ठेवते ती जागा वेगळीच आहे. 14 जानेवारी 1761 ची सल आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की कुणी भरवसा ठेवा म्हटलं की आपण पटकन म्हणतो, विश्वास तर पानिपतात गेला. अडीचशे वर्षं जिभेवर असलेलं ते दुःख नारळीकरांनी उचललं आणि विचारलं, नसता गेला तर? हा प्रश्न असा काळजाला हात घालत मराठीतच विचारता येतो.

चिनी लेखक लिऊ त्सशिन यांची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' ही कादंबरी 2015 साली ह्यूगो पुरस्कार मिळवून जगभर पोचली. परग्रहवासीयांच्या त्या कथेच्या मुळाशी चीनची सांस्कृतिक क्रांती आहे, डोळ्यांदेखत बापाला मारलेलं पाहणारी एक मुलगी आहे. आपल्या माणसांच्या जखमेपासून निघालेली गोष्ट ताऱ्यांपर्यंत जाते आणि परक्यांनाही आपली वाटते. आपल्याकडे मात्र पुष्कळदा विज्ञानकथा म्हणजे संवादांत बसवलेला विज्ञानाचा तास झाला. आणि अद्भुताला आपण वेगळ्या, खालच्या कप्प्यात टाकलं. नारायण धारपांची पुस्तकं लोकांनी रात्र रात्र जागून वाचली, पण साहित्यिक चर्चेत त्यांचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणत. हे मला कधी पटलं नाही. नवरसांत अद्भुत आहे आणि त्याचा स्थायिभाव विस्मय आहे. कृष्णविवरापुढे आणि वेताळापुढे माणूस श्वास रोखतो तो एकाच छातीत.

आमच्याकडे कोकणात चकवा लागतो म्हणतात. माझ्या आजोबांना लागला होता. रोजची पायाखालची वाट, हातात कंदील, आणि माणूस रात्रभर चालून उजाडताना त्याच फणसाखाली उभा. घरी आल्यावर पायांना चिखल होता आणि ते फक्त म्हणाले, वाट होती, घर नव्हतं. स्थळकाळ दुमडण्याच्या कितीतरी कथा मी नंतर वाचल्या, पण ती भीती मला आधीपासून माहीत होती.

आपल्याकडची ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट व्याकरणाची. अर्सुला ल ग्विन यांनी 1969 साली 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' लिहिली. तिथली माणसं ना बाई, ना पुरुष. पण इंग्रजीत त्यांनी सगळ्यांना पुरुषी सर्वनाम लावलं आणि पुढे त्यांनीच त्या निवडीचा फेरविचार केला. मराठीत आपल्याला 'ते' आहे. आणि आपलं नपुंसकलिंग निर्जीव नाही. मूल, लेकरू, पोर, वासरू, पाखरू ही सगळी 'ते'. 2019 च्या सप्टेंबरात चंद्रावर उतरणाऱ्या विक्रमशी संपर्क तुटला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "हरवलं बिचारं." आणि 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चंद्रयान 3 टेकलं तेव्हा डोळे पुसत, "उतरलं गो, नीट उतरलं." जत्रेत चुकलेलं पोर सापडावं तसं. बोलण्यात 'ते आलं' म्हणजे लेकरू आणि 'ते आले' म्हणजे वडीलधारे. जुन्या पुस्तकी मराठीत हा फरक अनुस्वाराचा, 'तें आलें' आणि 'ते आले'. परक्या ग्रहावरून कुणी दारात उभं राहिलं, तर त्याला लेकरू मानायचं की पाहुणा, हे मराठी लेखकाला पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं.

असं काहीच न ठरवता लिहिलेल्या कथाही असतात. 2023 च्या फेब्रुवारीत 'क्लार्कस्वर्ल्ड' या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला नव्या कथा घेणं काही काळ थांबवावं लागलं, यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा इतका लोंढा आला होता. ती बातमी वाचून मला राग आला होता. वाक्यं बनतात, पण ती कुणाला तरी उद्देशून बोलायची म्हणून निघालेली नसतात.

सध्या मी लिहिते आहे त्या कथेत गुहागरजवळच्या एका वाडीत एकटी राहणारी म्हातारी आहे आणि मुलाने मुंबईहून पाठवलेलं एक यंत्र. तिला उठवतं, गोळ्या देतं, अंगणातल्या सुपाऱ्या गोळा करतं. कारखान्यातून येतानाच ते 'आपण' म्हणायला शिकून आलं आहे. "आपण जेवलात का?" म्हातारीला ते आवडत नाही. ती त्याला 'अरे' म्हणते, कधी कधी 'मेल्या' म्हणते, आणि वाट बघते. एका रात्री वीज जाते, पाऊस धरतो, आणि काळोखात ते तिला विचारतं, "आजी, तू जेवलीस?"

'आपण'पासून 'तू'पर्यंत ते कसं आलं, ते मला अजून दिसलेलं नाही. कुणी शिकवलं नाही, हे नक्की. मधली चार पानं तीनदा लिहिली, तीनदा फाडली. आज पुन्हा बसणार आहे.