आईची बाग आणि निसटलेली चप्पल

"डॉक्टर, बाबांना बागेत काम करू द्यावं का? सांगून ऐकत नाहीत." हा प्रश्न माझ्या ओपीडीत पंधरा दिवसांतून एकदा तरी येतोच. विचारणारा मुलगा असतो किंवा सून, आणि ज्यांच्याबद्दल विचारलं जातंय ते काका शेजारच्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत असतात, जणू विषय दुसऱ्या कुणाचा चाललाय. माझं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: करू द्या, पण तुम्हीही त्यांच्याबरोबर चिखलात उतरा.

हे मी अनुभवावरून सांगते. माझी आई ७४ वर्षांची. २० वर्षांचा मधुमेह, ब्लडप्रेशरची गोळी आणि जिना चढताना कुरकुरणारा डावा गुडघा. घरामागे जेमतेम अर्धा गुंठा जागा, तिथे तिची बाग: अळू, कढीपत्ता, गवती चहा, जास्वंद, चार मोगरे. रविवारी सकाळी दवाखाना बंद असतो तेव्हा मी तिच्या हाताखाली कामाला असते. दवाखान्यात माझ्या शब्दाला थोडीफार किंमत आहे. इथे माझं काम घमेलं उचलणं, शेणखत टाकणं आणि "अगं, मुळाशी नको, जरा लांबून घाल" हे ऐकणं. संक्रांत झाली की ती मोगऱ्याची अशी काही छाटणी करते, पानंसुद्धा ओरबाडून काढते, की पहिल्या वर्षी मला वाटलं झाड गेलंच. पाडव्याच्या सुमारास त्यावर कळ्या बघून मी गप्प बसले. आपल्याहून जास्त कळणाऱ्या माणसाच्या हाताखाली दोन तास काम करण्यात जो आनंद आहे, तो पन्नाशीत फारसा कुठे मिळत नाही.

पण डॉक्टर म्हणून मला या दोन तासांचं वेगळंच महत्त्व वाटतं. आईवडिलांना फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारलं की उत्तर येतं, "बरी आहे." तपासणीच्या खोलीत रुग्ण खुर्चीवर बसलेला असतो. बागेत मात्र माणूस वाकतो, उठतो, वजन उचलतो, ओल्या जमिनीवर चालतो. भरलेली झारी नेताना दोनदा थांबावं लागतंय का, कात्री धरताना हात कापतोय का, कालच पेरलेल्या वाफ्यात आज पुन्हा मेथी टाकली का, हे सगळं तुमच्या डोळ्यांना दिसतं. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही.

गेल्या पावसाळ्यात अळूच्या वाफ्यातून येताना आईची एक चप्पल चिखलात रुतून राहिली आणि ती तशीच चार-पाच पावलं पुढे आली. "आई, चप्पल!" म्हटल्यावर तिने पायाकडे पाहिलं आणि हसली. मला हसू आलं नाही. मधुमेही माणसाच्या पायातून चप्पल निसटली आणि त्याला ते कळलंच नाही, तर पायाच्या नसा कमजोर झाल्याची ती मोठी खूण असते. दुसऱ्या दिवशी मी तिचे पाय तपासले. एक बारीक नायलॉनचा तंतू असतो, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की साधारण १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून तो कुठे लागतोय ते सांगायचं. दोन्ही अंगठे आणि चवड्याखालचा भाग, इथे तिला काही कळत नव्हतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "मागे पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ, म्हणजे प्रश्न मिटला." त्याची भीती खोटी नाही. अशा पायात काटा मोडला तर दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही, जखम चिघळते आणि कधी बोट किंवा पाऊलही गमवावं लागतं. पण फरशीखाली माती बुजवली असती तर दुसरं बरंच काही बुजलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि ६५ वर्षांवरच्यांनी त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली धराव्यात. आईला मी जिममध्ये पाठवू शकत नाही. खुरपणं, वाकणं, उचलणं हे ती न सांगता करते. शिवाय शेजारच्या चार बायका कलम कसं लावायचं हे तिलाच विचारायला येतात. ते थांबलं असतं तर त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

तेव्हा बाग राहिली, चप्पल गेली. मऊ, पुढून बंद असलेले बूट आणि सुती मोजे आणले. "बूट घालून तुळशीला पाणी घालू?" यावर आमचं चांगलंच वाजलं. शेवटी तडजोड झाली: तुळशीपुरतं अनवाणी, तेही सकाळीच, झाडलेल्या फरशीवर. दुपारच्या तापलेल्या फरशीने अशा पायाला फोड येतात आणि पत्ता लागत नाही.

तुमच्याकडेही असं कुणी असेल तर आणखी काही गोष्टी बघा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी बागेत जायचं नाही. खिशात साखर ठेवायची. थरथर, घाम सुटला की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि बसायचं. उकिडवं बसून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ब्लडप्रेशर किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. बुटकं स्टूल वापरा, आधी काहीतरी धरा, मग उठा. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच, त्यामुळे शेवटचं इंजेक्शन घेऊन १० वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारा. आणि कुंड्यांखालच्या बश्या! डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या बशीला महिनोन्महिने चिकटून राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा घासाव्या लागतात. आमच्याकडे ते काम माझं.

काम संपलं की आई नळाखाली पाय धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते आणि पाय माझ्या मांडीवर ठेवते. मी चष्मा लावून तळवे बघते. तिला यात फारसा रस नसतो. दोडक्याला मांडव या वर्षी कुठे घालायचा हे ती तेवढ्यात मला बोट दाखवून सांगत असते.